खोली दुप्पट, कष्ट चौपट

दहा मीटर खोल, काठोकाठ भरलेली एक विहीर आहे. तिचे सगळे पाणी काठावर आणायला जेवढी ऊर्जा लागते, त्याच्या किती पट ऊर्जा तेवढ्याच व्यासाची पण वीस मीटर खोल विहीर उपसायला लागेल? बहुतेक जण चटकन सांगतात, दुप्पट. पाणी दुप्पट, म्हणून खर्च दुप्पट. उत्तर इतके सरळ वाटते की ते पडताळून पाहावे असे कोणाच्या मनातही येत नाही. बरोबर उत्तर चौपट आहे. पाणी दुप्पट आहे हे खरे, पण ते सरासरीने दुप्पट उंचही चढवावे लागते, आणि या दोन दुपटींचा गुणाकार होतो. ही गंमत विहिरीपुरती असती तर सोडून देता आली असती. पण खाणीतला पाळणा, उंच इमारतीतली लिफ्ट, शेततळ्यावरचा पंप, जिथे जिथे उचलायचे ओझे खोलीबरोबर वाढते किंवा वाटेत बदलते, तिथे आपला अंदाज असाच फसतो. फसतोही बहुधा एकाच बाजूला: खोलीची किंमत आपण कमी धरतो. बारावीच्या वर्गात मुले ज्याला कंटाळून ‘इंटिग्रेशन’ म्हणतात आणि मराठी पुस्तकांत ज्याला समाकलन म्हणतात, ते गणित नेमके इथे कामाला येते. ‘पुढे आयुष्यात याचा उपयोग काय’ हा त्या वर्गातला ठरलेला प्रश्न आहे. निदान ओझे उचलण्यापुरते त्याचे उत्तर ठामपणे देता येते: समाकलन टाळले तर हिशेब चुकतो, आणि थोडाथोडका चुकत नाही.

भौतिकशास्त्रात ‘कार्य’ म्हणजे बल गुणिले त्या बलाच्या दिशेने कापलेले अंतर. शंभर किलोचे पोते दहा मीटर वर चढवले तर पृथ्वीच्या ओढीविरुद्ध सुमारे ९,८०० ज्यूल कार्य झाले. विजेच्या बिलातले एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. त्या मापाने हे पोते चढवणे अगदीच स्वस्त आहे. ही व्याख्या कोणा पंडिताने बसल्या जागी काढलेली नाही, ती खाणीतून वर आली. इंग्लंडमधल्या खाणींत पाणी साचे आणि ते उपसल्याशिवाय कोळसा वा कथील हाती लागत नसे. टॉमस न्यूकोमेनचे वाफेचे इंजिन १७१२ मध्ये चालू झाले ते कोळशाच्या खाणीतले पाणी उपसण्यासाठीच. इंजिन चांगले की वाईट हे ठरवायला खाणमालकांना एक मोजमाप हवे होते, आणि कॉर्नवॉलमध्ये ते असे रुळले: एक बुशेल कोळसा जाळून किती पौंड पाणी एक फूट वर आले? जेम्स वॉटने घोड्याशी तुलना करताना एका अश्वशक्तीची किंमत ठरवली, ती मिनिटाला ३३,००० पौंड वजन एक फूट उचलण्याइतकी. या सगळ्यामागची ‘वजन गुणिले उंची’ ही राशी गास्पार कोरिऑलिसने १८२९ मध्ये यंत्रांवरच्या आपल्या पुस्तकात रीतसर मांडली आणि तिला कार्य हे नाव दिले. खाणमालकाचा व्यवहारी प्रश्न आणि फ्रेंच गणितज्ञाची व्याख्या एकाच जागी येऊन मिळाली, कारण कोळसा खरोखरच त्या गुणाकाराच्या प्रमाणात जळत होता.

मात्र या गुणाकाराला एक अट आहे आणि ती सहसा बोलून दाखवली जात नाही. उचलायला सुरुवात केल्यापासून वर पोचेपर्यंत वजन तेवढेच राहिले पाहिजे, आणि सगळ्या वजनाने तेवढेच अंतर कापले पाहिजे. पोत्याच्या बाबतीत हे खरे असते. विहिरीच्या बाबतीत नाही. काठाजवळचे पाणी वीतभर उचलले की झाले. तळाचे पाणी पुरते दहा मीटर चढवावे लागते. मग ‘उंची’ कोणती धरायची? उपाय असा, की पाण्याचे आडवे थर कल्पायचे. एक एक मीटर जाडीचे दहा थर घेतले आणि प्रत्येक थर त्याच्या वरच्या पातळीपासून उचलला असे धरले, तर अंतरांची बेरीज ० + १ + २ असे करत ९ पर्यंत, म्हणजे ४५ येते. प्रत्येक थर त्याच्या खालच्या पातळीपासून उचलला असे धरले तर १ ते १० ची बेरीज ५५. खरे उत्तर या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असणार. आता थर एक एक सेंटिमीटरचे करा, म्हणजे हजार थर. त्याच मापात कमीत कमी बेरीज ४९.९५ येते आणि जास्तीत जास्त ५०.०५. थर आणखी पातळ केले की दोन्ही टोके ५० वर येऊन मिळतात. ज्याला आपण समाकलन म्हणतो त्यात याहून गूढ काही नाही: बदलत्या गोष्टीचे इतके बारीक तुकडे पाडायचे की प्रत्येक तुकड्यापुरता साधा गुणाकार खरा ठरावा, मग ते सगळे गुणाकार मिळवायचे, आणि तुकडे बारीक करत नेल्यावर बेरीज कुठे स्थिरावते ते पाहायचे. लायब्निझने २९ ऑक्टोबर १६७५ च्या टिपणात यासाठी जे चिन्ह वापरले ते लांब ओढलेले ‘एस’ होते, बेरजेसाठीच्या लॅटिन शब्दाचे आद्याक्षर. तुकडे पाडून मोजण्याची ही युक्ती मात्र त्याहून बरीच जुनी आहे. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात गोलाचे पृष्ठफळ काढताना त्यावर वर्तुळाकार पट्ट्या कल्पून त्यांची बेरीज केली होती. त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी नातवाने काढलेल्या मठाचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. भास्कराचार्यांनी समाकलन शोधले असे म्हणणे ओढूनताणून होईल. पण रीत ओळखीची आहे एवढे नक्की.

विहिरीचा व्यास सहा मीटर धरला तर प्रत्येक मीटर खोलीत सुमारे २८,२७४ लिटर पाणी मावते. त्याला ९.८ ने आणि मघाच्या ५० ने गुणले की १ कोटी ३८ लाख ज्यूल होतात, म्हणजे साधारण ३.८५ युनिट. पंपाची गळती आणि घर्षण यांत धरलेले नाही. आता याच आकड्याची फोड पाहा, कारण खरी बातमी एकूण आकड्यात नाही, फोडीत आहे. वरचे पाच मीटर पाणी उपसायला ०.९६ युनिट लागते आणि खालचे पाच मीटर उपसायला २.८९. पाणी दोन्ही वेळा सारखेच, खर्च तिप्पट. वीस मीटरची विहीर असती तर एकूण खर्च १५.४ युनिट झाला असता, म्हणजे पहिल्याच्या चौपट. गणिताच्या भाषेत सांगायचे तर खर्च खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. यातून एक व्यवहारी गोष्ट लगेच निघते. रात्रीतून विहिरीला पाणी भरत असेल, तर दोन दिवस रोज वरचा अर्धा भाग उपसण्याचा खर्च १.९२ युनिट येतो. एकाच दिवशी तळ गाठला तर तेवढ्याच पाण्याला ३.८५. यावर अनुभवी शेतकरी म्हणेल, की पातळी खाली नेल्याशिवाय झरे जोर धरत नाहीत. अर्धीच विहीर उपसली तर पाणी येणारही कमी. आक्षेप रास्त आहे. विहिरीतली पातळी जितकी खाली जाते तितका आजूबाजूच्या जमिनीतून येणारा ओघ वाढतो हे भूजलशास्त्रही सांगते. पण म्हणून हिशेब निरुपयोगी ठरत नाही. जास्त पाण्यासाठी किती जास्त ऊर्जा मोजली हे सांगणारा तोच आहे. सौदा परवडतो की नाही ते मग ज्याचे त्याने ठरवावे.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. एवढी यातायात कशाला, सगळे पाणी मध्यावर आहे असे धरा, पाच मीटरने गुणा, उत्तर तेच येते. विहिरीपुरते हे खरे आहे, आणि जिथे सोपी वाट आहे तिथे ती धरावीच. पण ती वाट चालली कशामुळे? विहिरीच्या भिंती सरळ आहेत, म्हणून प्रत्येक थरात पाणी सारखे आहे, म्हणून सरासरी मध्यावर पडते. भिंती तिरप्या झाल्या की मध्य आणि सरासरी यांची फारकत होते. महाराष्ट्रात गावोगाव झालेले ३० बाय ३० मीटरचे, तीन मीटर खोल शेततळे घ्या. काठ ढासळू नयेत म्हणून बाजूंना उतार असतो. एक मीटर खोलीला दीड मीटर उतार धरला तर तळ २१ बाय २१ उरतो आणि तळ्यात १,९७१ घनमीटर पाणी मावते. सरळ विचार केला तर ते सरासरी दीड मीटर उचलायचे. थर पाडून बेरीज केली तर सरासरी उंची १.३३ मीटर येते, कारण रुंद थर वर आहेत आणि अरुंद थर खाली. खर्च आठ युनिटांऐवजी सात. फरक सुमारे तेरा टक्क्यांचा. तळ्यापुरता तो सोडून दिला तरी बिघडत नाही. पण खाली निमुळती होत टोकाला गेलेली शंकूची टाकी असेल, तर पाणी सरासरी खोलीच्या फक्त एक चतुर्थांश उचलावे लागते; तीच टाकी उलटी, टोक वर करून ठेवली तर तीन चतुर्थांश. पाणी तेवढेच, खोली तेवढीच आणि कष्ट तिप्पट. ‘मध्यावर धरा’ म्हणणारा दोन्ही वेळा एकच उत्तर देईल आणि दोन्ही वेळा चुकेल. गुरुत्वमध्याचे सूत्र वापरा म्हणावे, तर ते सूत्रही कोणीतरी आधी समाकलन करूनच काढून ठेवलेले असते. आयते मिळाले म्हणून त्यामागचे गणित नाहीसे होत नाही.

आतापर्यंत वजन जागोजागी वाटलेले होते. काही वेळा ते वाटेतच घटते. पंप येण्यापूर्वी महाराष्ट्रात विहिरीचे पाणी मोटेने काढत. चामड्याची मोट, तिला बांधलेला जाड नाडा, सोंडेला बांधलेला बारीक सोंदूर, विहिरीच्या काठावरचे चाक, आणि बैलांनी उतरत जायची तिरपी धाव. धाव उतरती ठेवण्यात शहाणपण होते: बैलांचे स्वतःचे वजन ओढायला मदत करी. अर्थात ती मदत फुकट नव्हती, कारण धावेवरून परत वर येताना बैलांना तेच वजन चढवावे लागे. मोट वर येईपर्यंत थोडे गळे, थोडे हिंदकळून सांडे. समजा, दहा मीटरवरून निघताना मोटेत शंभर लिटर पाणी होते, वाटेत ते एकसारखे गळत गेले आणि थारोळ्यात साठच लिटर पडले. गळती एकसारखी असल्याने सरासरी वजन ८० किलो, म्हणून पाण्यावर झालेले कार्य ७,८४० ज्यूल. हाती आलेल्या प्रत्येक लिटरमागे १३१ ज्यूल. न गळणाऱ्या मोटेत ते ९८ झाले असते. अर्ध्या वाटेवरून परत विहिरीत पडलेले पाणीही अर्ध्या वाटेपर्यंत कोणीतरी ओढलेलेच असते. आणि गळती खरोखर एकसारखी नसतेच. मोट भरलेली असताना पाण्याचा दाब जास्त, धारही जोराची. मोट रिकामी होत जाते तशी धार मंदावते. तेव्हा सरासरीचा सोपा उपाय इथेही डळमळतो आणि वजन क्षणोक्षणी कसे बदलले हे मांडूनच बेरीज करावी लागते.

खरा कस लागतो तो खाणीत, कारण तिथे दोर स्वतःच ओझे होऊन बसतो. जर्मनीतल्या हार्त्स डोंगरातल्या खाणी खोल जात चालल्या तशा लोखंडी साखळ्या दगा देऊ लागल्या, म्हणून १८३४ मध्ये विल्हेल्म आल्बर्ट यांनी क्लाउस्थाल इथे लोखंडी तारांचा पीळदार दोर वापरात आणला. हलका आणि भरवशाचा. तरीही त्याला वजन आहेच. मीटरला पाच किलो वजनाचा दोर घ्या आणि खाली पाच टनांचे ओझे लटकवा. खाण एक किलोमीटर खोल असेल तर ओझे वर आणायला ४.९ कोटी ज्यूल लागतात. दोराचे गणित निराळे आहे. सुरुवातीला पाच टन दोर लोंबत असतो, वर येता येता तो गुंडाळला जातो, शेवटी लोंबणारा दोर शून्य होतो. बेरीज केली की दोरापायी २.४५ कोटी ज्यूल निघतात, ओझ्याच्या निम्मे. खोली दोन किलोमीटर केली तर ओझ्याचा खर्च दुप्पट होऊन ९.८ कोटी होतो, दोराचा चौपट होऊन तोही ९.८ कोटी. तीन किलोमीटरला दोर ओझ्याच्या दीडपट खातो. कर्नाटकातल्या कोलारची सोन्याची खाण तीन किलोमीटरच्याही खाली गेली होती आणि २००१ मध्ये बंद पडली. दक्षिण आफ्रिकेतली म्पोनेंग तर चार किलोमीटरच्या आसपास पोचली आहे. इतक्या खोल खाणींत एकाच दोराने तळ गाठत नाहीत, मध्ये टप्पा करतात. दोन किलोमीटरचे एक-एक किलोमीटरचे दोन टप्पे केले, तर दोरांचा खर्च २.४५ अधिक २.४५, म्हणजे ४.९ कोटी, एका दमात गेलो असतो तर ९.८ कोटी. टप्पा पाडायला इतरही सबळ कारणे असतात. लांब दोराला स्वतःचाच भार पेलायला जाड व्हावे लागते, आणि जाड झाला की तो आणखी जड होतो. पण वर्गाच्या प्रमाणात वाढणाऱ्या खर्चाला तोडले की तो कसा निम्म्यावर येतो, हे या बेरजेत सरळ दिसते.

कोणी अभियंता इथे थांबवून म्हणेल, की असा एकटा दोर कुठे वापरतात? खाणीत दोन पाळणे असतात, एक वर येताना दुसरा खाली जातो; दोराचे वजन आपोआप फिटते. बरोबर, आणि हाच सगळ्यांत मोलाचा आक्षेप आहे. दोन पाळण्यांच्या रचनेत सुरुवातीला भरल्या पाळण्याच्या बाजूचा सगळा दोर विरोधात ओढतो, शेवटी रिकाम्या पाळण्याच्या बाजूचा सगळा दोर मदतीला येतो. पूर्ण फेरीची बेरीज केली तर दोरापायी झालेले कार्य शून्य. पण बेरीज शून्य आली म्हणून त्रास शून्य झाला असे नाही. दोन किलोमीटर खोल खाणीत निघताना यंत्रावर पाच टन ओझे आणि दहा टन दोर, असा पंधरा टनांचा ताण येतो. वर पोचताना पाच टन ओझ्यातून दहा टन दोर वजा होऊन उणे पाच टन. म्हणजे सुरुवातीला यंत्राने जीव तोडून ओढायचे आणि शेवटी ब्रेक दाबून आवरायचे. मोटर निवडायची ती पंधरा टनांच्या हिशेबाने, पाचच्या नव्हे. १८७७ मध्ये फ्रीडरिश केपे यांनी जर्मनीत जी रचना आणली तिच्यात दोन्ही पाळण्यांच्या बुडांना जोडणारा आणखी एक दोर खाली सोडलेला असतो. त्यामुळे दोन्ही बाजूंना दोराचे वजन सदैव सारखे राहते आणि ताण पहिल्यापासून शेवटपर्यंत पाच टनच. खाली ज्यादा दोर टांगून यंत्राचे ओझे हलके करायचे, हे ऐकायला उफराटे वाटते. आलेख काढला की लख्ख कळते. समाकलनाला बसण्याआधी ‘कुठे किती बल’ हे मांडावे लागते, आणि पुष्कळदा ती मांडणीच उत्तरापेक्षा जास्त शिकवून जाते. गगनचुंबी इमारतींतल्या लिफ्टचीही अडचण हीच आहे. पोलादी दोराची लिफ्ट एका दमात पाचेकशे मीटरच्या वर नेणे जड जाते, म्हणून फिनलंडच्या कोने कंपनीने २०१३ मध्ये कार्बन धाग्यांचा हलका पट्टा पुढे आणला तो हजार मीटरचा पल्ला सांगत.

राहिले दोन आक्षेप, ते लवकर आटोपता येतील. पहिला अंगमेहनतीचा. डोक्यावर पोते घेऊन तासभर उभ्या राहिलेल्या हमालाने या व्याख्येप्रमाणे कार्य केलेच नाही. हे कसले शास्त्र? स्नायू आकुंचित ठेवायला शरीर आतल्या आत ऊर्जा जाळत असते, ती पोत्याला मिळत नाही, उष्णता होऊन जाते. आपण मोजतो ते ओझ्याला मिळालेले. हमालाची मजुरी या सूत्राने ठरवू नये हे उघडच आहे, आणि तसे कोणी म्हटलेलेही नाही. दुसरा आक्षेप असा, की जुन्या पंपात निम्म्याहून अधिक वीज वाया जात असताना १.३३ की १.५ असला कीस काढायचा कशाला. पंपाची कार्यक्षमता चाळीस टक्के असेल तर सगळे आकडे अडीचपट होतील; ३.८५ चे साडेनऊ-पावणेदहा युनिट होतील. पण वरच्या आणि खालच्या भागातली तिप्पट तशीच राहील, खोलीच्या दुपटीला चौपट तशीच राहील. पंप सुधारून अडीचपटीची दीडपट करता येते, वर्गाचे प्रमाण मात्र कोणत्याही पंपाने बदलत नाही.

बोअरवेलच्या बाबतीत एक खुलासा आधीच करायला हवा, नाहीतर चौपटीचा नियम भलतीकडे लावला जाईल. बोअरमधली पातळी शंभर मीटरवर टिकून असेल, तर हजार लिटर पाण्याला किमान ०.२७ युनिट लागते. पातळी दोनशे मीटरवर गेली तर ०.५४. इथे दुपटीला दुप्पटच आहे, कारण उचललेले पाणी तेवढेच राहिले. चाळीस टक्के कार्यक्षमतेचा पाच अश्वशक्तीचा पंप शंभर मीटरवरून तासाला साधारण साडेपाच हजार लिटर देईल. दोनशे मीटरसाठी जुळवलेला तेवढ्याच ताकदीचा पंप पावणेतीन हजार. जुनाच पंप नुसता खाली सोडला तर कदाचित थेंबही देणार नाही, कारण प्रत्येक पंपाची चढवण्याची कमाल उंची ठरलेली असते. मग चौपट कुठे गेली? ती वर्षांच्या हिशेबात दडलेली आहे. पावसाने जेवढे मुरते त्याहून जास्त उपसा दरवर्षी होत राहिला, तर अख्खा शिवार म्हणजे एकच मोठी, न भरणारी विहीर होते. पहिली काही वर्षे वरचे स्वस्त थर जातात, पुढची वर्षे खालचे महाग थर. खडकात पाणी सगळीकडे सारखे साठलेले नसते, दख्खनच्या काळ्या खडकात तर खाली जाऊ तसे ते बहुधा कमीच होत जाते, त्यामुळे प्रमाण नेमके वर्गाचे राहणार नाही. मात्र दिशा तीच राहते: खालचे पाणी वरच्याहून महाग, आणि गेल्या वर्षीचा खर्च पाहून पुढच्या वर्षीचा सांगितला तर तो कमीच भरणार.

हा हिशेब ज्याला दिसायला हवा त्यालाच तो दिसत नाही. राज्यातल्या अनेक कृषिपंपांची आकारणी मीटरवर न होता अश्वशक्तीवर होत आली आहे. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत झाली. पाच अश्वशक्तीचा पंप चाळीस मीटरवरून पाणी काढो की एकशेचाळीसवरून, कागदावर दोन्ही सारखेच. वीज मोफत द्यावी की नाही हा वेगळा वाद आहे आणि त्यात शेतकऱ्याच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. पण खर्च कोणी सोसायचा हे ठरवणे आणि खर्च मोजायचाच नाही हे ठरवणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. पातळी दरवर्षी किती खाली गेली आणि त्या प्रत्येक मीटरपायी गावाची किती वीज गेली, हे दोन आकडे ग्रामसभेपुढे शेजारी शेजारी ठेवले, तर नवे बोअर घ्यायचे की बंधाऱ्याचा गाळ काढायचा याची चर्चा अंदाजाने करावी लागणार नाही. त्यासाठी प्रत्येक कृषिपंपाला चालू मीटर हवा. बिलाची रक्कम शून्य असली तरी हरकत नाही. त्यावर वापरलेले युनिट मात्र छापलेले असावेत.